तू कुणालाच धीर दिला नाहीस

नलिनीताई,

तुला पोचवून आलो त्या दिवशी नाते गावातल्या तुझ्या अंगणात बसून सगळ्यांनी एकमेकांना धीर दिला. "सुटली बिचारी." "चांगल्या माणसांची देवालाही गरज असते." "आता वरून आपल्याकडं बघत असेल." वर्षानुवर्षं तुझ्याकडं येणारी माणसं होती ती. खरं बोलायला तुझ्याकडंच शिकली होती. आणि तुझी राख थंड व्हायच्या आत, तू ज्या वाक्यांचा राग राग करायचीस तीच वाक्यं एकमेकांना चहासारखी वाटत होती. मला वाटत होतं, आता घरातून तुझा आवाज येईल, "उठा सगळे, घरी जा, चुली पेटवा, खोटं बोलू नका." आला नाही. तू मेली होतीस.

हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिलंय. 'गेली', 'देवाघरी गेली' असं तू मला माझ्या पोरीबद्दल म्हणू दिलं नव्हतंस. मग तुझ्याबद्दल मी का म्हणू?

आमच्या कापडे गावच्या आशाताईनं मला महाडला तुझ्याकडं आणलं, तेव्हा साक्षीला मरून एक पावसाळा उलटला होता. मी अंगणवाडीत जात होते, पोरांना खिचडी वाढत होते, त्यांच्याबरोबर गाणी म्हणत होते. पण घरी आलं की भात घशाखाली उतरायचा नाही. तोंडात घातला की उलटून यायचा. भात पिकवणाऱ्या घरात मी भाकरीच्या तुकड्यावर जगत होते. सासूबाई म्हणायच्या, हिला बाहेरचं काहीतरी लागलंय. आशाताई म्हणाली, महाडात एक बाई आहे, मनाचं बघते, एकदा चल.

तुझी खोली पिठाच्या गिरणीवर. गिरणी सुरू झाली की पायाखालची फरशी थरथरायची आणि शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागायचं. मी म्हटलं, "मॅडम, इथं कसं बोलायचं?"

"इथंच बोलायचं. खाली तुझ्या गावची बाई दळण घेऊन उभी असली तरी तिला काही ऐकू जात नाही. आणि मॅडम म्हणू नकोस. ताई म्हण, अगंतुगं कर. पुढं आपल्याला भांडायचंय."

मग तू माझ्यापुढं परात सरकवलीस. मोड आलेले कडवे वाल होते तिच्यात.

"सोल."

"मी वाल सोलायला आले नाय."

"मग बोलायला आलीस का? बोल."

मी गप्प.

"मग सोल."

मी सोलत बसले. नखाखाली सालं जात होती, बोटं बुळबुळीत झाली होती, आणि केव्हातरी मला रडू फुटलं. तू पाणी दिलं नाहीस, पाठीवर हात ठेवला नाहीस. म्हणालीस, "झालं की सांग. तोवर मी माझे वाल उरकते." इतकी कोडगी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. शेवटी घसा कोरडा पडला तेव्हा मीच म्हटलं, "पाणी दे." तू लगेच उठलीस. तांब्याभर आणलंस. म्हणालीस, "हे बरं झालं. मागता येतं तुला अजून." पुढं एकदा मी चिडून म्हटलंही होतं, की आम्ही इथं आतडी पिळून बोलतो आणि त्यावर तुझ्या घरी बिरडं शिजतं. तू म्हणालीस, "मग? वाया जाऊ देऊ?"

त्या पहिल्या दिवशी तू मला एकच गोष्ट विचारलीस. पोरीनं त्या दिवशी अंगात काय घातलं होतं? तोवर लोकांनी मला विचारलं होतं, कितवीत होती, एकुलती एक का, दुसरं होऊ द्यायचा विचार आहे का. अंगात काय होतं ते कुणी विचारलं नव्हतं. शाळेचा जुना ड्रेस होता, शेतात मळला तरी चालतो म्हणून घातलेला. "कसा होता?" आकाशी. "नवा-जुना?" काखेत उसवलेला. हे सांगताना मला ती काख दिसली, तिच्यावर चिकटलेलं भाताचं कुसळ दिसलं. घरी जाईपर्यंत मी तुला शिव्या देत होते. पण पुढच्या खेपेला आले.

त्या दिवसाचं सगळं तू माझ्याकडून क्रमानं काढून घेतलंस. मी 'नशीब' म्हटलं की हात वर करायचीस. "नशीब त्या दिवशी शेतात नव्हतं. कोण होतं ते सांग."

कापणी चालली होती. साक्षी कापलेल्या भाताच्या पेंढ्या उचलून देत होती. "आये, चावलं गो," म्हणून तिनं हात झटकला आणि सरपटत जाणारं फुरसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी ओरडले, पोलादपूरला चला. रस्त्यावर रिक्षा उभी होती, ड्रायव्हर गोणी उतरवत होता. साक्षीचा बाप, माझा नवरा सुरेश, मुंबईला कामावर. घरात शब्द चालायचा त्यांच्या थोरल्या भावाचा, मोठ्या भावजींचा. त्यांनी पोरीला उचललं आणि म्हणाले, भगताकडं न्यायची. त्यांच्या पायाला कधीकाळी फुरसं चावलं होतं ते त्याच भगतानं उतरवलं, असं ते मानत होते. मी रिक्षाची दांडी धरून उभी राहिले. सासूबाईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली. "बायमानसानं अशा टायमाला मधी बोलू नये गो." रिक्षा वरच्या वाडीकडं वळली. उन्हं कलली तेव्हा पोरीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग पोलादपूरचा दवाखाना. तिथले डॉक्टर धावले, लस दिली, अजून आधी यायला पाहिजे होतं म्हणाले, गाडी करून महाडला पाठवलं. महाड यायच्या आधी ती माझ्या मांडीवर मेली.

हे मी तुला पहिल्यांदा सलग सांगितलं तो दिवस आठवतो? गिरणी दणदणत होती, मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते, "त्यानं मारली माझी पोर! भगताकडं नेऊन मारली!" आणि त्याच क्षणी लाईट गेली. गिरणी थांबली. माझं शेवटचं वाक्य उघड्या खिडकीतून सगळ्या बाजारात गेलं. खाली दळणाच्या रांगेतल्या बायका वर बघायला लागल्या. मी तोंडावर हात दाबला. आणि तू शांतपणे म्हणालीस, "थांबतेस कशाला? आता तर नीट ऐकू येतंय."

किती क्रूर होतीस गं! त्या रांगेत आमच्या शेजारच्या वाडीची एक बाई निघाली. माझ्याआधी माझं वाक्य कापड्यात पोचलं. घरी गेले तर सासूबाई दारात उभ्या. "थोरल्या दिराला खुनी बोलतेस? बाजारात बोलतेस?" सुरेशला फोन करून बोलावून घेतलं. मी तुला सांगितलं तेव्हा तू सारवासारव केली नाहीस. म्हणालीस, "लाईट मी घालवली नाही. पण थांबू नकोस म्हणाले ते मी. मी येते."

आलीस. पडवीत सगळे बसले होते. सासूबाई, मोठे भावजी, जाऊबाई, सुरेश. तू चपला काढल्यास, बसलीस आणि पहिलं वाक्य बोललीस, "साक्षीचा फोटो कुठं लावलाय?"

ताई, त्या घरात ते नाव कुणी उच्चारत नव्हतं. दप्तर, चपला, सगळं माळ्यावर गेलं होतं. मोठ्या भावजींना त्रास होतो म्हणून. जाऊबाईंना मूल नाही, साक्षी त्यांच्याच खांद्यावर वाढली होती, हेही खरंच होतं. नाव ऐकल्याबरोबर भावजींची मान खाली गेली.

सासूबाई म्हणाल्या, "बाये, तू कोन गो? आमच्या घरात ते नाव कोन काढत नाय."

"का नाही काढत?"

"पोराला तरास होतो."

"कुठल्या पोराला?" तू इकडंतिकडं पाहिलंस. डोक्याचे केस पांढरे झालेला तो माणूस तसाच खाली बघत होता. "आणि हिला?"

मग तू त्यांच्याकडं वळलीस. "भावजी, त्या दिवशी काय झालं ते तुम्ही सांगा. मी हिच्याकडून ऐकलंय. आता तुमच्याकडून ऐकते."

ते उठले. हात जोडले. तसेच मागच्या दारानं बाहेर गेले आणि पेंढ्याच्या उडवीमागं जाऊन बसले. सुरेश उठायला लागला तर तू म्हणालीस, "बसू द्या त्यांना." जाऊबाईंनी रडत रडत पानं वाढली. तू जेवायला बसलीस, जणू काही झालंच नाही. आणि मला म्हणालीस, "वाढून घे."

मी वाढून घेतलं. भात. त्या माणसाचं मेलेलं तोंड बघून मला भूक लागली होती, ताई. मी भात कालवला, खाल्ला, परत घेतला, आणि एक शीतही उलटून आलं नाही. तू माझ्याकडं पाहिलंस. तुला कळलं होतं मला कशानं भूक लागली ते. तू चांगलं म्हणाली नाहीस, वाईट म्हणाली नाहीस. लोणचं पुढं केलंस.

त्यानंतर घर फुटलं. चुली वेगळ्या झाल्या, पडवीच्या मधोमध भिंत आली. गावानं तुझ्या नावानं बोटं मोडली, बाईनं घर मोडलं म्हणून. मी मात्र साक्षीचा फोटो माझ्या बाजूला लावला. सुरेश मुंबईला परत गेला, पण दर रविवारी फोनवर तिच्याबद्दल बोलायला लागला. कधी तिचा आवाज काढून दाखवायचा, कधी रडायचा. तुझ्यामुळं मला माझी पोर बोलण्यातून तरी परत मिळाली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ऐकायला आवडलंही नसतं.

एकदा तू मला सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेलीस. थंडीची सकाळ होती, पाण्यावर वाफ होती. मी विचारलं, इथं काय बोलायचं? तू म्हणालीस, काही नाही, पाय भाजून घ्यायचे. आणि पायरीवरून घसरून लुगड्यासकट पाण्यात बसलीस. मी हसले. पोट धरून हसले, तुला उठवायचंही सुचलं नाही. तू पाण्यात बसूनच म्हणालीस, "हसलीस ना? आता घरी जाऊन त्याची शिक्षा करून घेशील. उपास करशील, नाहीतर कुणाशी तरी भांडशील. आधीच सांगून ठेवते." माझं हसू जागच्या जागी विझलं. कारण तसंच होणार होतं. परतीच्या वाटेवर मी तुला विचारलं, "तुझं कोण मेलंय, ताई?" तू म्हणालीस, "ते माझ्या ताटात आहे. तू तुझ्या ताटातलं जेव." आजपर्यंत मला ते कळलेलं नाही. तुझ्या अंगणात बसलेल्यांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं.

आता आपलं भांडण.

मी त्या दिवशी न सांगता आले होते. नवीन तांदूळ आणला होता तुला. जिन्याच्या खाली पोचले आणि वरून मोठे भावजी उतरताना दिसले. त्यांनी मला पाहिलं आणि ते भिंतीला चिकटून उभे राहिले. त्यांची बोटं मला दिसली. वालाच्या सालांनी बुळबुळलेली, माझी व्हायची तशी. ते काही न बोलता माझ्या बाजूनं उतरून गेले. मी वर आले.

"तो इथं काय करत होता?"

"कोण?"

"ताई, नाटकं करू नको!"

"माझ्याकडं कोण येतं ते मी सांगत नाही. तू येतेस तेही कुणाला सांगत नाही."

"माझ्या पोरीला मारलं त्यानं. आणि तू त्याला बरं करतेस? त्याला सुखानं झोप लागावी म्हणून?"

"तो आला असला तर त्याला मी काय सांगते, तेही तुला सांगणार नाही."

"मग ठरव. मी नायतर तो."

"मी निवडत नाही, वनिता."

तू आवाज चढवला नाहीस, म्हणून मला जास्त लागलं. तुझ्या पुढ्यातली परात मी लाथेनं उडवली. वाल खोलीभर झाले. तू खाली बसून एकेक दाणा वेचायला लागलीस. मी दारात थांबले होते. तू वर बघशील म्हणून. तू बघितलं नाहीस.

त्यानंतर मी आले नाही. तूही बोलावलं नाहीस. मधे एकदा महाडच्या बाजारात समोरासमोर आलो, सुकटीच्या वाट्यांपाशी. तू विचारलंस, "भात खातेस?" मी तोंड फिरवून निघाले. खात होते, ताई. तेवढं तरी सांगायला हवं होतं.

मग आशाताईनं सांगितलं, तुला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरलाय, 'बरोबर'. मला खोटं वाटलं. तू सगळ्या आयुष्यात कुणाच्या होला हो केलं नव्हतंस. दैवाला चेष्टा करायची होती तर दुसरा कुठलाही शब्द ठेवायचा होता. शिवी ठेवायची होती.

मी नाते गावात आले तेव्हा तुझ्या खाटेभोवती जत्रा होती. तुझी माणसं एकेक करून पुढं होत होती आणि तुझ्याकडून हवं ते घेऊन जात होती. "ताई, मी बापाला म्हातारपणी भावाकडं पाठवला. बरोबर केलं ना?" "बरोबर." "ताई, मी सुनेशी बोलणं टाकलं. चुकलं नाही ना माझं?" "बरोबर." लोक डोळे पुसत, समाधानानं बाहेर पडत होते. तुझा डावा हात चादर ओरबाडत होता, ते कुणी बघत नव्हतं.

दुपारी सगळे पांगल्यावर मी जवळ बसले. मीही तशीच होते, वेगळी नव्हते. मलाही माझं हवंच होतं. "तू त्याला माफ केलंस?"

"बरोबर."

"माझ्याशी दगा केलास."

"बरोबर." तुझा हात खाटेवर आपटला. "बरोबर, बरोबर, बरोबर!" तू ओरडत होतीस. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि डोळे नाही, नाही म्हणत होते, की हो म्हणत होते, की तिसरंच काही सांगत होते? मला कळलं नाही. आपल्या भांडणाचं उत्तर तुझ्या तोंडात होतं आणि तोंडाला कुलूप होतं.

मी तुझे डोळे पुसले नाहीत. तुझी भाची दिवसभर तुला सांगत होती, मावशी, होईल गं बरं, महिन्याभरात बोलशील. मी म्हटलं, "ताई, तुझं बोलणं परत येणार नाही. डॉक्टरांनी भाचीला सांगितलंय, ती तुला सांगत नाही. म्हणून मी सांगते."

भाची किंचाळली. "किती दुष्ट बाई आहेस गं तू! ऊठ इथून!"

पण तुझा हात थांबला. तू माझ्याकडं खूप वेळ पाहिलंस. मग हळू म्हणालीस, "बरोबर." तेवढा एकदाच तो शब्द तुझ्या मनासारखा आला असं मला वाटलं. खरं खोटं तुलाच माहीत.

मी येत राहिले. भाची दार उघडायची, बोलायची नाही. कधीकधी मोठे भावजी आधीच बसलेले असायचे, मला बघून उठायचे. एकदा ते उठले नाहीत. ते खाटेच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. तुझा जिवंत हात त्यांच्या बाजूला होता. तू त्यांचा हात धरलास. माझ्या बाजूला तुझा मेलेला हात पडला होता, तो मी धरला. ऊन अंगणातून पडवीत सरकेपर्यंत आम्ही तसेच बसलो. तुझ्या चांगल्या हातात त्यांचा हात, आणि माझ्या हातातला हात तुला कळतही नव्हता. निवडत नाही म्हणाली होतीस ना? मला तर निवडल्यासारखंच दिसलं. मी त्या दिवशी घरी गेले ते ठरवून, की आता जायचं नाही. पुढच्या आठवड्यात तू मेलीस.

तुझे दिवस झाल्यावर, सकाळी मी अंगण झाडत होते. मोठे भावजी भिंतीला वळसा घालून माझ्या अंगणात आले. घर फुटल्यापासून पहिल्यांदा. खंगले होते. जाऊबाई दोन दिवसांपासून पलीकडं कुरकुरत होत्या, हे जेवत नाहीत म्हणून, ते माझ्या कानावर येत होतं.

"वनिता, एक बोलू?"

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. खराटा थांबवला.

"ताई मला एक गोष्ट सांगायची. दर खेपेला. मी इचारायचो, ती सांगायची."

"काय?"

"मी इचारायचो, ताई, तवाच दवाखान्यात नेली असती तर साक्षी जगली असती काय? ती बोलायची, जगली असती."

मी खराटा भिंतीला टेकवला.

"सगली बोलतात, आयुष्यच तेवढं हुतं. आई बोलते, बायको बोलते. तुझा सुरेशपन फोनवर बोलला, दादा तुमची चूक नाय. तसं कोन बोललं का मला जीव नकोसा होतो. एकदा जीव द्यायला निघालोपन हुतो. तवा आशाताईनं मला महाडला नेला. ताई बोलली, जगली असती, तू नेली नायस. मी लय रडलो. आनी घरी येऊन जेवलो."

"मग?"

"मग ताई बोलायची, साक्षी नाय, पन तू हायस. उद्या काय करनार ते सांग." त्यांनी अंगठ्यानं माती उकरली. "आता ताई नाय. घरात कोन तसं बोलत नाय. तू बोलशील?"

म्हणजे हे करत होतीस तू वर त्या खोलीत. मी समजत होते, तू त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवतेस. तू ते तसूभरही उतरवलं नव्हतंस. ओझ्याखाली उभं राहायला शिकवत होतीस. ही एवढी एक गोष्ट तू मला सांगितली असतीस तर परात लवंडली नसती, बाजारात मी तोंड फिरवलं नसतं, तुझ्या धडधाकट दिवसांत मी तुझ्याजवळ असते. सांगितलं नाहीस. ज्याचं त्याचं बोलणं ज्याचं त्याला. तो तुझा नियम. तो नियम माझ्यापेक्षा मोठा होता का गं? की मला सांगितलं असतं तर मी त्याचंही हत्यार केलं असतं, हे तुला ठाऊक होतं? यावर तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक नाही, आणि तुझ्या तोंडी मी काही घालणार नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीचं घालणारे तुझ्या अंगणात पुष्कळ होते.

भावजी उभेच होते. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "जगली असती."

त्यांनी मान हलवली. पायरीवर बसले, उपरणं तोंडाला लावून रडले. मी झाडायला लागले नाही, आत गेले नाही, पाणी विचारलं नाही. पाणी त्यांनीच मागितलं. मग ते पुढच्या वाक्याची वाट बघत बसले, उद्या काय करणार हे मी विचारेन म्हणून. ते काही माझ्या तोंडून निघेना. माझी पोर मेली आहे, ताई. त्यांच्या उद्याची चौकशी मी करावी, एवढी मी तुझी शिष्या झालेली नाही. शेवटी ते स्वतःच म्हणाले, "उद्या बांध घालायचाय." आणि गेले.

तेव्हापासून येतात. विचारतात. मी सांगते. दर वेळी तेच दोन शब्द, आणि दर वेळी ते त्यांना लागलेले मला दिसतात, आणि ते बघायला मला आवडतं. मी त्यांना जगवण्यासाठी म्हणते की दुखवण्यासाठी म्हणते, हे मला ठरवता येत नाही. तुला विचारलं असतं. काल आले होते. मी म्हटलं, जगली असती. ते उठून गेले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडं पाट सरकला, ताट वाजलं. जाऊबाईंनी विचारलं, "अजून वाढू?"

"वाढ," ते म्हणाले.